खंबाटकीचा उतार, सकाळी ९:२२

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला, की मालक गॅरेजात एक वाक्य हमखास बोलतो : ‘धरायच्या आधी गाडी काय झकास पळत होती!’ मेस्त्री मान हलवतात आणि त्याला खोटारडा समजतात. पण तो खरं बोलत असतो. गाडी झकास पळत होती म्हणूनच पिस्टन धरला. खाली मांडलेला रविवार कुणा एकाचा नाही. उघडलेल्या इंजिनांत जो क्रम वारंवार वाचायला मिळतो, तो इथे एका चेतकवर आणि पुणे-सातारा रस्त्यावर घातला आहे, इतकंच.

शनिवार, संध्याकाळी ७:२२. चौदा तास बाकी.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मधल्या स्टँडवर चेतक उभी आहे. आजोबांची, १९८०च्या दशकातली. कित्येक वर्षं धूळ खात पडलेली ही गाडी नातवाने हौसेने बाहेर काढली. नवा रंग दिला, नाना पेठेतून सीटचं कव्हर, रबराच्या पट्ट्या, मोनोग्राम असं सगळं शोधून आणलं. इंजिन मात्र उघडलं नाही, कारण किक मारली की ते सुरू होतं. जुन्या गाड्यांच्या बाबतीत याहून महाग पडणारं कारण मला माहीत नाही. रंगावर खर्च करणाऱ्याने त्यातले थोडे पैसे दोन ऑइल सीलसाठी बाजूला ठेवावेत. ती रबराची असतात आणि गाडी नुसती उभी असली तरी म्हातारी होतात.

नातू किक मारतो. इंजिन सुरू होतं, पण आयडलिंग चढं आहे. आजोबा गॅलरीतून वाकून विचारतात, “अरे, धूर कुठाय?”

“आजोबा, आता चांगलं ऑइल मिळतं. तुमच्या वेळेसारखा धूर नाही होत.”

उत्तर अर्धं बरोबर आहे. कमी धुराचं ऑइल मिळतं, हे खरंच. नातू आयडलिंगचा स्क्रू सैल करतो आणि रेस खाली आणतो. गाडी शांत होते. चौदा तासांतली ही पहिली सूचना. तिचा आवाज कमी केला गेला. तिचं म्हणणं कुणी ऐकलं नाही.

रात्री ९:४०.

प्रवासाला निघायचं म्हणून तो प्लग काढतो. टोकाभोवतीची पोर्सेलिन पांढुरकी, खडूसारखी दिसते. ‘किती स्वच्छ आहे,’ असं म्हणत तरीही तो पॉलिश पेपर मारतो. नीट जळणाऱ्या टू-स्ट्रोकचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. पांढरा असेल तर हवा जास्त होतेय आणि आत भट्टी पेटलीय. दोष सांगणारा एकच साक्षीदार हाताशी होता, त्याचं तोंड नातवाने घासून स्वच्छ केलं.

रविवार, पहाटे ५:५०. साडेतीन तास बाकी.

जानेवारी आहे. बोचरी थंडी. चोक ओढल्याशिवाय गाडी उठत नाही, आणि चोक बंद केला की गुदमरते. गाडी आडवी तिरकी करून पुन्हा किक. थंडीचे दिवस आहेत, एवढं चालायचंच, असं मागे बसणारा मित्र म्हणतो. मात्र तापल्यानंतरही चोक थोडा ओढल्यावर इंजिन जास्त खूश राहत असेल, तर त्याचा थंडीशी संबंध नाही. त्याला पेट्रोल अपुरं पडतंय. शिवाय १० अंशाची हवा ३० अंशाच्या हवेपेक्षा जवळजवळ सात टक्के दाट असते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. पेट्रोल सोडणारं जेट तेवढंच, हवा जास्त.

६:१५. पेट्रोल पंप.

इथे एकाच वेळी तीन गोष्टी होतात, आणि तिन्ही चांगल्या हेतूने.

पाच लिटर पेट्रोल भरलं जातं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊ. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी बसवलेल्या त्याच जेटमधून हे मिश्रण गेलं की इंजिन सात-आठ टक्के ‘लीन’, म्हणजे पेट्रोल अपुरं पडून, चालतं. इथेनॉलला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. त्याचा ऑक्टेन चांगला, आणि वाफ होताना ते उष्णताही शोषतं. पण ते जुन्या रबराला फुगवतं आणि ठिसूळ करतं, आणि ज्या इंजिनात आधीच चोरून हवा शिरतेय तिथे उरलीसुरली सवलतही काढून घेतं. एक नंबर मोठं जेट घातलं असतं तर पुढची कहाणी कदाचित घडलीच नसती.

दुसरी गोष्ट ऑइलची. दोन टक्क्यांनी पाच लिटरला १०० मिली पुरतं. नातू लांबचा प्रवास म्हणून १५० ओततो. ऑइल जास्त म्हणजे सुरक्षा जास्त, हा हिशेब वरवर पटणारा आहे. पण जेटच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं. म्हणजे मिश्रण आणखी लीन. लीनचा रोग ऑइलने बरा होत नाही.

तिसरी गोष्ट अगदी किरकोळ. ऑइल पेट्रोलपेक्षा जड असतं, हलवलं नाही तर तळाशी जातं. तो ते पेट्रोल भरून झाल्यावर वरून ओततो, आणि रांगेत मागचे हॉर्न वाजवतात म्हणून गाडी हलवायची राहते. आजोबांच्या काळी आधी ऑइल टाकत, मग वरून पेट्रोल, मग हँडल धरून गाडीला चार गचके देत.

६:५५. जुना कात्रज घाट.

गाडी उडतेय. तिसऱ्या गियरमध्ये चढ सहज घेते, पिकअप चटकन येतो. ‘दुधारी’ असं ज्याला म्हणावं असं हे यश आहे. मिश्रण थोडं लीन झालं की इंजिन खरोखरच हलकं, तरतरीत वाटतं. धूर, घोगरेपणा, फटफट सगळं जातं. मरणाच्या वाटेवरचा हा टप्पा सर्वात सुखाचा असतो, आणि त्याच टप्प्यावर मालक दुसऱ्याला सांगतो की गाडी आता ‘सेट’ झालीय.

एका वळणावर चौथ्यातच चढताना बारीक किणकिण ऐकू येते, डब्यात खिळे हलवल्यासारखी. ठिणगीने सुरू केलेली ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं, त्याचा हा आवाज. नातू गियर उतरवतो, आवाज थांबतो. या गाडीच्या ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅपही पिकअपसाठी कुणीतरी वाढवून ठेवलेला आहे. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, ठिणगी लवकर पडते, आणि उष्णता पिस्टनच्या डोक्यावर जाऊन बसते.

७:३०. खेड शिवापूर. एक तास बावन्न मिनिटं बाकी.

चहाची टपरी. गाडी थांबते, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडलेला, तरी इंजिनचा आवाज तीन-चार सेकंद वरच टांगलेला राहतो आणि मग नाइलाजाने खाली येतो. सगळ्या सूचनांत ही सर्वात स्पष्ट. यंत्र इथे जवळजवळ मराठीत बोलतंय.

काय म्हणतंय ते समजायला या इंजिनची रचना पाहायला हवी. व्हेस्पाच्या परवान्यावर शिकलेल्या बजाजने १९७२मध्ये आकुर्डीहून चेतक बाजारात आणली. घनफळ १४५.४५ सीसी, बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७. चार-स्ट्रोकसारखा तळाशी ऑइलचा साठा यात नाही. पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचं मिश्रण आधी क्रँकच्या डब्यात शिरतं, तिथल्या बेअरिंगांना ओलावा देतं, आणि पिस्टन खाली येताना बाजूच्या वाटांनी वर ढकललं जातं. पिस्टन वर जाताना या डब्यात निर्वात, खाली येताना दाब. मिनिटाला हजारो वेळा. हा डबा बंद ठेवतात क्रँकच्या दोन बाजूंची दोन सील. क्लचकडचं सील गेलं तर गियरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, पांढऱ्या धुराचे लोट उठतात, प्लग सतत मरतो, आणि मालक त्याच आठवड्यात गॅरेज गाठतो. मॅग्नेटकडचं सील गेलं तर नुसती हवा आत येते. धूर नाही, डाग नाही, तक्रार नाही. म्हणून पिस्टन खातं ते हे दुसरं सील.

अ‍ॅक्सिलरेटर बंद केल्यावर कार्ब्युरेटरची वाट मिटते, पण सीलमधली फट उघडीच असते. तिथून येणाऱ्या हवेवर इंजिन घटकाभर रेस धरून राहतं. काल संध्याकाळी स्क्रू फिरवून मोजलेली वाट आणखी मिटवली गेली, चोरवाट तशीच राहिली.

टपरीवरच्या या पंधरा मिनिटांत काय करता आलं असतं? मॅग्नेटचं कव्हर काढून डोकावलं तर प्लेटवर काळपट, तेलकट ओल दिसली असती. दाबाच्या फेरीत थोडं मिश्रण त्याच फटीतून बाहेर फेकलं जातं, त्याची ती खूण. कार्ब्युरेटरचे दोन लांब बोल्ट हाताने हलवून पाहता आले असते, कारण तिथलं पॅकिंगही हवा घेतं. आणि काहीच जमलं नसतं तरी गाडी वळवून चाळीसच्या वेगाने घरी नेता आली असती. दोघे दुसरा चहा घेतात.

८:३५. शिरवळ.

सपाट, सरळ हमरस्ता. ताशी पासष्ट-सत्तर, सलग, मागे माणूस बसलेला. सिग्नलपाशी शेजारी थांबलेला एक मोटरसायकलवाला कौतुक करतो, “धूर अजिबात नाही रे! कोण म्हणेल टू-स्ट्रोक आहे?”

आजोबांचा प्रश्न आणि मोटरसायकलवाल्याचं कौतुक एकाच गोष्टीबद्दल आहे.

याच सपाटीवर प्लग वाचायची खरी रीत पाळता येते : अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून थोडं अंतर पळवायचं, मग तसाच क्लच दाबून स्विच बंद करायचा, गाडी आयडलिंगवर न आणता कडेला घ्यायची आणि प्लग काढायचा. जो रंग दिसेल तो पळत्या इंजिनचा. पार्किंगमध्ये काढलेला प्लग फक्त पार्किंगबद्दल सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे. गरम प्लगने बोट भाजतं, म्हणून कुणी करत नाही.

८:५८. खंडाळा.

साताऱ्याचा खंडाळा, लोणावळ्याचा नव्हे. थांबत नाहीत.

९:१०. खंबाटकीचा पायथा. बारा मिनिटं बाकी.

जुन्या घाटरस्त्याचा चढ. पुढे मालट्रक रांगत आहेत, त्यांच्या मागे तिसऱ्यात, कधी दुसऱ्यात, मूठ पूर्ण पिळलेली. वेग कमी, ताण जास्त. चेतकचं इंजिन समोरच्या वाऱ्यावर गार होत नाही. मॅग्नेटवरचा पंखा पत्र्याच्या टोपीतून वारा सिलिंडरच्या पात्यांवर फेकतो. या टोपीचा एक स्क्रू रंगकामाच्या वेळी परत बसवलेला नाही, आणि पात्यांवर शोभेचा जाड काळा रंग आहे, त्याखाली जुना चिखल. वारा फटीतून निसटतो.

आत काय चाललंय ते आकड्यांत पाहू. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. ५७ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंश तापला की साधारण ०.११ मिलिमीटरने फुगतो. सिलिंडर तेवढ्याच तापमानवाढीला ०.०६ने. आणि दोघं सारखे तापतही नाहीत. पिस्टनच्या डोक्यावर आग, सिलिंडरच्या पाठीवर वारा. दोघांमधली मोकळी जागा मिलिमीटरच्या दशांशाच्या घरातली, त्यात ऑइलचा पातळ थर. लीन मिश्रण पिस्टनला जास्त तापवतं आणि सोबत ऑइलही कमी आणतं. फुगणं वाढतं, वंगण घटतं. जिथून जळालेला धूर बाहेर पडतो त्या एक्झॉस्टच्या बाजूला हे आधी भिडतं.

९:१६.

एका क्षणी गाडी मागून ओढल्यासारखी जड होते. ट्रकच्या मागे असल्याने वेग आधीच कमी, त्यामुळे फारसं जाणवत नाही. नातू मूठ आणखी पिळायला जातो, तेवढ्यात इंजिन सुटतं आणि पुन्हा ओढायला लागतं. “कचरा आला असेल जेटमध्ये,” मित्र मागून ओरडतो.

पिस्टन पहिल्यांदा घासला तो हा. एक्झॉस्टच्या बाजूचं थोडं अ‍ॅल्युमिनियम वितळून सिलिंडरला माखलं, रिंगेच्या खाचेत थोडं घुसलं. या घटकेला क्लच दाबून गाडी कडेला घेतली असती, अर्धा तास गार होऊ दिली असती, तर बोअर कदाचित वाचला असता. इथून पुढे मात्र रिंग मोकळी राहिलेली नाही. ती सिलिंडरला टेकून उष्णता बाहेर देत असते, ते कामही तिने आता अर्धवट टाकलं आहे.

९:२०. माथा.

दोन मिनिटं. थांबून दरीचा फोटो काढायची चर्चा होते. गाड्यांची गर्दी असल्याने थांबत नाहीत. थांबले असते तर इंजिन गार झालं असतं, हा केवळ योगायोगाचा भाग.

९:२२. उतार.

चढ संपला, मूठ सोडली. चेतकचे ड्रम ब्रेक फारसे भरवशाचे नाहीत, म्हणून शहाणा माणूस उतारावर गियर ठेवतो. नातवानेही तेच केलंय, आणि ते बरोबरच आहे. पण टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलसोबत येतं. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद. चाकं मात्र इंजिनला जोरात फिरवतच आहेत. दहा मिनिटांच्या चढाने पिस्टन सर्वात तापलेला असताना त्याला सर्वात कमी ऑइल मिळतंय, आणि कार्ब्युरेटरची वाट मिटल्यामुळे आत येणाऱ्या हवेत सीलच्या फटीचा वाटा याच वेळी सर्वात मोठा. जुने लोक उतारावर मधूनमधून क्लच दाबून एकेक रेस देत. बाहेरून ती सवय उगाचची वाटे.

आवाज मोठा होत नाही. इंजिन एकदम गप्प होतं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. टायर किंचाळतो. गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकतो, मित्राचा गुडघा फिरून रस्त्याकडे येतो.

डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवून गाडी चालवायची सवय आजोबांनी लावलेली. नातू क्लच खेचतो, उशिरा, पण खेचतो. चाक सुटतं. चेतक हेलकावत कडेच्या मातीत जाते आणि आडवी होते. खरचटलेली कोपरं, फाटलेली पँट, वाकलेलं फूटबोर्ड, नव्या रंगावर एक लांब ओरखडा. मागचा ट्रक हॉर्न देत निघून जातो. क्लचला आणखी अर्धा सेकंद लागला असता तर हे लेखन मेकॅनिकच्या भाषेत झालं नसतं.

९:५०.

गाडी उभी केली जाते. सहज म्हणून किकवर पाय ठेवला तर किक खाली जाते. आणखी एकदा, आणि इंजिन सुरू! आवाज खडखडाटी, पण सुरू. पिस्टन गार झाला, आकसला, सुटला. मित्राला वाटतं, वेळे गावापर्यंत उतार आहे, पुढे वाई फार लांब नाही, हळूहळू जाऊ. धरलेला पिस्टन सुटला की माणसाला तो बरा झाल्यासारखा वाटतो. त्याच्या अंगावर आता खवले आहेत. पुढच्या वेळी तो लवकर धरेल आणि कदाचित कनेक्टिंग रॉडही सोबत घेऊन जाईल. नातू स्विच बंद करतो आणि पेट्रोलचा कॉकही. टेम्पो शोधायला निघतात.

सोमवार, गॅरेज.

मेस्त्री हेड आणि ब्लॉक उतरवतात आणि पिस्टन खिडकीपाशी नेऊन फिरवतात. या वाचनाला पर्याय नाही. नवा पिस्टन टाकून मोकळं होणारे पुन्हा इथेच येतात. चारी कोपऱ्यांवर घासल्याच्या खुणा असतील तर गाडी थंड असतानाच पिळली, किंवा बोअर घट्ट बांधला. सगळ्या बाजूंनी ओरखडे असतील तर ऑइलच पडलं नाही. डोक्याला मधोमध भोक असेल तर ठिणगी फार लवकर पडत होती, किंवा फार गरम जातीचा प्लग होता. इथे खुणा एक्झॉस्टच्या बाजूलाच, रिंग खाचेत गच्च बसलेली, डोकं राखाडी-पांढरं. म्हणजे उष्णता.

“दादा, ऑइल टाकत होता ना?”

“उलट जास्तच टाकत होतो, मामा.”

“मग हवा कुठून आली ते शोधू आधी. पिस्टन नंतर.”

ते एक्झॉस्टचं तोंड रबराने बंद करतात, कार्ब्युरेटरच्या जागी पत्र्याची पट्टी बसवतात, ब्लॉक तात्पुरता चढवून प्लगच्या भोकात एक नळी अडकवतात. नळीच्या टोकाला डॉक्टरांच्या ब्लड प्रेशरच्या यंत्राचा फुगा आणि डायल. पिस्टन खाली ठेवला की वरची आणि खालची जागा एक होते. ३०० मिलिमीटरपर्यंत दाब भरला. चौरस इंचाला सहा पाउंडांच्या जवळपास होतो, याहून जास्त भरायचा नसतो, चांगलं सीलही उलटतं. चांगलं इंजिन हा दाब काही मिनिटं धरून ठेवतं. काटा बघता बघता शून्यावर येतो. मॅग्नेटकडे साबणाचं पाणी सोडल्यावर बुडबुडे.

सील बाहेर काढल्यावर त्याचा ओठ नखाने वाकत नाही. दोन्ही बाजूंची सील बदलली जातात, गेलेलं एकच असलं तरी. दुसरं त्याच वयाचं आहे. बोअरवर माखलेलं अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळतं, लोखंडाला तो धक्का लावत नाही. पण खालचे ओरखडे नखाला अडकतात, म्हणून ब्लॉक लेथवाल्याकडे जातो. पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि मग त्याच्या मापाने बोअर करून घ्यायचा, उलट नाही. रिंग नुसती सिलिंडरमध्ये ठेवून फीलर गेजने तोंडाचा गॅप मोजायचा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनचे लॉक नवेच, जुने पुन्हा वापरायचे नाहीत. टोपीचा हरवलेला स्क्रू बसतो, पात्यांवरचा रंग खरवडला जातो, आणि पॉइंटचा गॅप पुन्हा मापात येतो.

पुन्हा दाब भरला जातो. काटा जागेवर राहतो.

पहिले काही शे किलोमीटर मूठ अर्ध्याच्या वर न्यायची नाही, एकाच वेगाने लांब पळवायची नाही, असं सांगून मेस्त्री गाडी स्वतः रस्त्यावर काढतात, अर्ध्या मुठीतच. मूठ सोडली की इंजिन लगेच बसतं. परत आल्यावर एक नंबर मोठं जेट घालतात, पुन्हा एक फेरी मारतात, स्विच बंद करून प्लग काढतात. पोर्सेलिन फिकट पिवळसर आहे. “अजून एक नंबर वर घेऊ,” म्हणत ते कार्ब्युरेटरचं झाकण पुन्हा उघडतात.